मलेरियाच्या दोन लशी: जेलवरच्या पट्ट्या मोजणारीचा अभिप्राय

भाचीचा मेसेज आला: "मावशी, मलेरियाच्या लशीला पाचपैकी किती तारे? दोन लशी आहेत, दोघींना वेगवेगळे दे. आणि कारणं सांग, नुसते तारे नकोत." ती सार्वजनिक आरोग्य शिकते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात यावर गटचर्चा होती. मला वाटलं, दोन ओळींत उरकेल. गटचर्चा होऊन गेली, तिला गुणही मिळाले, माझं उत्तर मात्र चालूच राहिलं. तेच आता सलग लिहून काढते.

माझी पात्रता आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. या लशी मी टोचून घेतलेल्या नाहीत आणि घेणारही नाही. त्या मोठ्यांसाठी नाहीतच. पाच महिन्यांपुढच्या बाळांसाठी आहेत, आणि तेही जिथे फाल्सिपारम या परजीवीचा मलेरिया मुलांचे जीव घेतो तिथल्या. २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांतही पाच वर्षांखालची मुलंच जास्त.

माझा संबंध दुसऱ्या बाजूने. अकरा वर्षं मी एका प्रयोगशाळेत परजीवींची ओळखपरेड घेत होते. गाळणकागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब यायचा. पंचिंग मशीनने त्याची बारीक चकती काढायची, डीएनए सोडवायचा, पीसीआर लावून त्याच्या प्रती वाढवायच्या, त्या विजेने जेलवर, म्हणजे एका लिबलिबीत थरात, पळवायच्या आणि अतिनील दिव्याखाली उजळलेल्या पट्ट्या मोजायच्या. लस ज्याच्या विरोधात बनवली त्याच्याशी माझी ओळख जास्त. हा अभिप्राय त्याच्याच बाजूला बसून लिहिलाय असं समजा.

तर वस्तू. पहिली आरटीएस,एस, दुकानी नाव मॉस्क्विरिक्स. मधला स्वल्पविराम छपाईची चूक नाही, नावातच आहे. आर म्हणजे रिपीट, टी म्हणजे टी-सेल ही प्रतिकारशक्तीची पेशी, एस म्हणजे कावीळ-बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, आणि स्वल्पविरामानंतरचा एस म्हणजे तेच प्रथिन, पण सुटं. १९८७ पासून यावर काम चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली ती ६ ऑक्टोबर २०२१ ला. एका लशीला चौतीस वर्षं! दुसरी आर२१. ऑक्सफर्डची रचना, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं उत्पादन. तिची शिफारस २ ऑक्टोबर २०२३ ला झाली. हिच्यात सुटा एस नाही, त्यामुळे कणाच्या पृष्ठभागावर मलेरियाचा भाग दाट बसतो. दोन्हींबरोबर प्रतिकारशक्तीला ढोसणारा एक जोडीदार लागतो, ज्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. आरटीएस,एसबरोबर एएस०१ आणि आर२१ बरोबर मॅट्रिक्स-एम. दोन्हींत चिलीच्या सोपबार्क झाडाच्या सालीतून काढलेलं सॅपोनिन आहे, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य. मलेरियावरचं क्विनाइनही झाडाच्या सालीतूनच आलं होतं. हे मला उगीचच आवडतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती. दोन्ही लशींत मलेरियाचा जो तुकडा आहे तो सीएसपी या एकाच प्रथिनाचा. डास चावतो तेव्हा कातडीत परजीवीची जी धाग्यासारखी अवस्था सोडतो, तो स्पोरोझॉइट. सीएसपी हा त्याचा अंगरखा. या प्रथिनाचा मधला भाग म्हणजे चार अमिनो आम्लांचा एकच शब्द, एनएएनपी, पुन्हा पुन्हा. लशीत त्याच्या एकोणीसेक आवृत्त्या घेतल्यात, आणि त्यांच्या पुढे प्रथिनाचं शेपूट. दोन्ही लशींसाठी हे सगळं ज्या एका परजीवीवरून उचललं, त्याचं नाव ३डी७.

थ्री-डी-सेव्हन. मलेरियाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, फ्रीजर उघडा, हा असणारच. २००२ साली फाल्सिपारमचा संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा वाचला गेला तो याचाच: चौदा गुणसूत्रं, डीएनएची सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, त्यातली ८० टक्क्यांहून जास्त नुसती ए आणि टी. (या ए-टीच्या चिखलात प्रायमर, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा, बसवताना ज्यांचे केस पांढरे झाले त्यांना माझा नमस्कार.) हा आला कुठून? तर १९८० च्या आसपास नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका माणसाला मलेरिया झाला. तो कधी देशाबाहेर गेलेलाच नव्हता. विमानातून उतरलेला एखादा डास त्याला चावला असणार, बहुधा आफ्रिकेतून आलेला. त्या रक्तातून जे वाण वाढवलं ते एनएफ५४, आणि त्यातून एकेक पेशी वेगळी करून १९८७ मध्ये नोंदवलेला वंश म्हणजे ३डी७. वाढायला सोपा, डासात नीट जाणारा, सगळ्यांकडे असलेला. निवड अशी सोयीने झाली. आफ्रिकेत सर्वांत जास्त कोण फिरतो हे बघून कुणी याला निवडलं नव्हतं. तेव्हा ते बघायचं साधनही नव्हतं.

आणि बाहेर फिरतात कोण?

मी जे रोज करायचे ते एमएसपी२ या जनुकाचं काम. औषधांच्या चाचण्यांत रुग्णाला परत ताप आला की प्रश्न पडतो: औषध हरलं, की नवा डास चावला? मग पहिल्या दिवसाचा नमुना आणि परतलेल्या तापाचा नमुना शेजारीशेजारी पळवायचे. पट्ट्या जुळल्या तर जुनाच परजीवी, नाही जुळल्या तर नवा पाहुणा. एमएसपी२ ची दोन घराणी आहेत, एक ३डी७ चं आणि एक एफसी२७ चं, आणि प्रत्येक घराण्यात लांबीप्रमाणे पट्टी वरखाली सरकते. मी नवीन होते तेव्हा एका मुलाच्या एका थेंबात मला पाच पट्ट्या दिसल्या. मी घाबरून वरिष्ठ ताईंकडे गेले, "ताई, नमुने एकमेकांत मिसळले वाटतं." त्या हसल्या. म्हणाल्या, "नमुने नाही मिसळले गं, मूलच मिसळलेलं आहे." एका तापात पाच वेगळे परजीवी. जिथे मलेरिया खूप, तिथे ही रोजची गोष्ट.

आणि ते नुसते शेजारी राहत नाहीत. माणसाच्या रक्तात परजीवीजवळ प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. नर-मादी पेशी डासाच्या पोटात गेल्यावर एकत्र येतात, आणि डासाने एकाच घोटात दोन वाण प्यायले असतील तर लग्न आंतरजातीय होतं. गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि पुढच्या माणसाला मिळतं ते तिसरंच काहीतरी. म्हणून जिथे रोग जास्त तिथे पत्ते सतत पिसले जातात, आणि रोग कमी असलेल्या भागात, आग्नेय आशियातल्यासारखा, तेच ते मोजके डाव फिरत राहतात. सगळ्यांत जास्त विविधता आफ्रिकेत, आणि लस द्यायची तीही तिथेच.

शेवटची काही वर्षं मी सीएसपीच्या शेपटाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचायचं काम, करत होते. एकदा एका खेपेत तीन नमुने ३डी७ शी अक्षर-अक्षर जुळले. बाहेरच्या माणसाला वाटेल, वा, लशीशी जुळणारे सापडले! माझ्या पोटात गोळा आला. कारण खऱ्या नमुन्यांत पूर्ण जुळणी इतकी क्वचित दिसायची, की दिसली की आधी स्वतःच्या हातावर संशय घ्यायचा. ३डी७ आमचा कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा ठरलेला नमुना, रोज टेबलावर. पाण्याचा रिकामा नमुना तपासला तर तोही उजळलेला. प्रायमरची एक कुपी दूषित झाली होती. चूक माझीच: टोक न बदलता पिपेट परत बुडवलं असणार. दोन आठवड्यांचं काम कचऱ्यात. सगळं नव्याने केलं तेव्हा तिघांपैकी एकच खरा ३डी७ निघाला.

तेव्हापासून माझा या लशीवर राग होता. जो परजीवी नमुन्यात दिसला तर आम्ही "कुठेतरी सांडलं" म्हणतो, त्याच्या मापाने जगभरच्या मुलांची लस शिवली? त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी दोन तारे दिले असते आणि वर एक टोमणाही.

हा राग किती खरा होता ते आकड्यांत पाहू, कारण सुदैवाने हे मोजलं गेलंय. आरटीएस,एसची मोठी चाचणी २००९ ते २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या सात देशांत, अकरा ठिकाणी झाली. १५,४५९ मुलं. त्यातल्या ज्यांच्या रक्तात परजीवी सापडले अशा जवळपास पाच हजार मुलांच्या नमुन्यांतलं सीएसपी वाचलं गेलं आणि २०१५ मध्ये निकाल आला. पाच ते सतरा महिन्यांच्या मुलांत, पहिल्या वर्षात, लशीशी पूर्ण जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध संरक्षण ५०.३ टक्के. न जुळणाऱ्यांविरुद्ध ३३.४ टक्के. आणि जुळणारे किती? दहा टक्क्यांहूनही कमी. मी हे वाचून टेबलावर हात आपटला होता. बघा, सांगत नव्हते!

मग थंड डोक्याने गणित मांडलं, आणि माझाच राग मला जरा महाग पडला. समजा सगळेच परजीवी ३डी७ असते, तर ही लस पन्नासच्या घरात गेली असती. आहे तशा जगात ती पस्तीसच्या आसपास पोचते. फरक पंधरा टक्क्यांचा. मोठा आहे, नाकारत नाही, लाखो मुलांच्या हिशेबात फारच मोठा. पण नीट जुळलेल्या परजीवीसमोरही ती निम्म्या वेळा हरतेच आहे. म्हणजे उरलेले पन्नास टक्के विविधतेने खाल्लेले नाहीत. ते दुसऱ्या कशाने तरी गेले. आणि त्याच अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांच्या तान्ह्या बाळांत जुळण्या-न जुळण्याचा फरकच दिसला नाही. त्यांच्यात लस एकूणच कमी चालली. मापाचा दोष असता तर तिथेही दिसायला हवा होता.

न जुळणाऱ्यांविरुद्धही लस एक-तृतीयांश काम करते याचं कारण मधला एनएएनपीचा भाग. तो शब्द सगळ्या फाल्सिपारममध्ये तोच. कुणात तो जास्त वेळा येतो, कुणात कमी, पण या संख्येने लशीच्या परिणामात फरक पडलेला दिसला नाही. बदल आहेत ते शेपटात, जिथे टी-पेशी ओळखतात ते पट्टे आहेत. म्हणजे अर्धा अंगरखा सगळ्यांना बसतो आणि बाही ज्याची त्याला. मी अकरा वर्षं फक्त बाही बघत होते.

उरलेले पन्नास टक्के जातात कुठे, तर वेळेत. स्पोरोझॉइट कातडीतून निघून यकृतात पोचायला फार वेळ घेत नाही. तेवढ्या अवधीत प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) त्याला धरायचं. एक जरी निसटला तर आठवडाभरात यकृतातल्या एका पेशीतून हजारो परजीवी रक्तात उतरतात, आणि या लशीला रक्तातल्या परजीवीशी काही देणंघेणं नाही. सीएसपीचा अंगरखा तोवर त्याने काढून ठेवलेला असतो. म्हणून रक्तात प्रतिपिंडांची गर्दी कायम लागते, नुसती आठवण पुरत नाही. ही गर्दी लशीनंतर भराभर ओसरते. त्या मोठ्या चाचणीत बूस्टर धरून चार डोस दिलेल्या मुलांत चार वर्षांचं संरक्षण ३६ टक्के, बूस्टर न मिळालेल्यांत २८. तीनच डोस मिळालेल्या मुलांचा सात वर्षं पाठपुरावा केलेला एक लहान अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात सात वर्षांचा एकूण आकडा ४.४ टक्के निघाला. ही या वस्तूची खरी खोड. कुणी दुकानात विचारलं, "टिकाऊ आहे का?" तर प्रामाणिक उत्तर: नाही, पावसाआधी पुन्हा घ्यायला लागेल.

आणि पुन्हा घ्यायला लागेल हेच खरं तर उत्तर आहे. बुर्किना फासो आणि मालीमध्ये सुमारे सहा हजार मुलांना दर वर्षी मलेरियाच्या हंगामाच्या तोंडावर आरटीएस,एसचा डोस आणि हंगामात प्रतिबंधक गोळ्या, असं दोन्ही दिलं. नुसत्या गोळ्या मिळालेल्या मुलांपेक्षा मलेरिया ६३ टक्क्यांनी कमी. परजीवी तेच, लशीशी न जुळणारे. वस्तू तीच, फक्त कधी वापरायची हे कळलं.

इथेच आर२१ बद्दल सावधगिरीचा एक शब्द. तिच्या मोठ्या चाचणीत चार देशांतल्या चार हजार आठशेहून जास्त मुलांत बारा महिन्यांचा निकाल आला: हंगामी मलेरियाच्या ठिकाणी ७५ टक्के, वर्षभर मलेरिया असलेल्या ठिकाणी ६८. भाचीच्या गटातल्या एकाने ७५ आणि ३६ शेजारी ठेवून फळ्यावर बरोबर-चूक अशी खूण केली म्हणे. असं करू नका. एक बारा महिन्यांचा आकडा, दुसरा चार वर्षांचा. हंगामी ठिकाणी डोस हंगामाच्या तोंडावर दिलेला. आरटीएस,एसचा आकडाही मुख्य चाचणीच्या पहिल्या वर्षात निम्म्याच्या घरात होता (वरचे ५०.३ आणि ३३.४ वेगळ्या पद्धतीने मोजलेले). एकाच ठिकाणी, एकाच हंगामात दोघींना समोरासमोर उतरवून मोजलेला आकडा जोवर नाही, तोवर ही तुलना म्हणजे एकाची पहिली सेमिस्टर आणि दुसऱ्याची पूर्ण पदवी.

मात्र आर२१ मध्ये दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. प्रथिनाची मात्रा कमी लागते, मुलांत ५ मायक्रोग्रॅम, तिकडे आरटीएस,एसला २५. आणि ती भरपूर आणि स्वस्तात बनते. आरटीएस,एसची सगळ्यांत मोठी तक्रार चालते की नाही ही नव्हती, मिळत नाही ही होती. शिवाय तिची पूड आणि द्रव वेगळे येतात, मिसळायचे, आणि दोन डोसांची कुपी मिसळली की सहा तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. दिवसातून एकच बाळ येणाऱ्या केंद्रात नर्सने काय करावं?

दुष्परिणामांचं चटकन सांगते: ताप बऱ्यापैकी येतो, क्वचित तापाचे झटके. पहिल्या मोठ्या चाचणीत मेंदुज्वराची शंका आली होती. २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावीत प्रत्यक्ष वापरात ती खरी ठरली नाही. उलट तिथे लशीच्या वयातल्या मुलांचे, अपघात वगळता, सर्व कारणांचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. आजार थोडा कमी करणाऱ्या वस्तूने मरणं इतकी कमी करावीत, यावर माझं तोंड बंद झालं.

विविधतेवरचा माझा राग चुकीच्या दारात होता, पण चुकीचा नव्हता. योग्य दार बघायचं तर रक्तावस्थेच्या, म्हणजे परजीवी रक्तात उतरल्यावर त्याला धरू पाहणाऱ्या, लशींकडे जा. मालीत बांदियागाराला ४०० मुलांवर एएमए१ या प्रथिनाची लस तपासली. लाल पेशीत शिरताना परजीवी हे प्रथिन वापरतो. लस पुन्हा, अर्थातच, ३डी७ वरून. २०११ चा निकाल: एकूण आजारांविरुद्ध १७.४ टक्के, म्हणजे असून नसल्यासारखं. पण प्रथिनाच्या एका ठरावीक वळणावर ३डी७ शी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध ६४.३ टक्के! लस उत्तम, पण कुलपं शेकडो आणि किल्ली एक. त्याच गावात ५०६ संसर्गांत एएमए१ च्या २१४ वेगवेगळ्या आवृत्त्या मोजल्या गेल्या होत्या. मी पाच पट्ट्या बघून घाबरले होते.

त्याहून बोचणारं उदाहरण पापुआ न्यू गिनीचं. तिथल्या लशीत एमएसपी२ चा ३डी७ घराण्याचा तुकडा होता. लस मिळालेल्या मुलांच्या रक्तात परजीवी कमी झाले, पण दुसऱ्या घराण्याच्या, एफसी२७ च्या, परजीवींनी होणारं आजारपण त्यांच्यात जास्त दिसलं. हा पेपर २००२ चा, मला तो पुष्कळ उशिरा कुणीतरी दिला. मी तेव्हा रोज सकाळी हीच दोन घराणी जेलवर शेजारीशेजारी पळवत होते. एकाला हाकललं की दुसऱ्याला मोकळं रान. पट्ट्या मोजण्याच्या कामाला अर्थ आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

सीएसपीच्या लशींनी असं होईल का? न्युमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूच्या बाबतीत घडलेलं आहे. सात प्रकारांवरची लस आली आणि लशीत नसलेला १९ए हा प्रकार पुढे सरसावला. इथे एनएएनपी सगळ्यांचंच असल्याने धोका कमी वाटतो, पण शेपटाच्या कुठल्या आवृत्त्या जास्त फिरतात ते बदलू शकतं. ते दिसायला आधीचं चित्र हवं, आणि ते आहे. मलेरियाजेन या जाळ्याने २०२३ मध्ये ३३ देशांतल्या २०,८६४ फाल्सिपारम नमुन्यांचे जनुकसंच फुकट खुले केले, पीएफ७ या नावाने. कुणीही उघडून आपल्या भागात सीएसपीच्या कुठल्या आवृत्त्या होत्या ते बघू शकतं. सध्या जी लस देताय तिच्या पाचदहा वर्षांनंतरच्या नमुन्यांना याच्या शेजारी ठेवायचं. या सेवेला विचाराल तर पाच तारे, डोळे झाकून. आम्ही चार महिन्यांत जेवढं केलं असतं ते आता जेवणाच्या सुट्टीत दिसतं, याचं थोडं दुःखही आहे.

नव्या मालाकडेही माझं लक्ष आहे. आरएच५ हे रक्तावस्थेचं प्रथिन, पण ते फारसं बदलत नाही. लाल पेशीवरच्या बॅसिजिन या प्रथिनाला धरायचं काम त्याच्याकडे आहे, तिथे चेहरा बदलला तर दारच उघडणार नाही. बुर्किना फासोत मुलांवर त्याची चाचणी झाली, २०२४ अखेर निकाल आला, सहा महिन्यांत ५५ टक्के. एएमए१ च्या वेळी कुणी हा शोध घेतला असता तर, असं मनात येतं. पण आरएच५ चं महत्त्व २०११ मध्ये समोर आलं, एएमए१ चा निकाल त्याच वर्षीचा. आणि सीएसपीतच, एनएएनपीच्या सुरुवातीला एक सांधा आहे. सीआयएस४३ नावाचं प्रतिपिंड तिथे पकडतं. मालीत त्याचं सुधारित रूप प्रौढांना एकदाच दिलं, तर मोठ्या मात्रेत सहा महिन्यांच्या हंगामात संसर्ग ८८ टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे तो सांधा दोन्ही लशींत घेतलेलाच नाही. लशीच्या पुढच्या आवृत्तीत मला शेपूट बदललेलं नको, तो सांधा हवा. आणि वेष्टनावर, माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात का होईना, "३डी७ वरून" एवढं लिहायला काय हरकत आहे? औषधाच्या बाटलीवर रंगद्रव्याचं नाव असतं.

एक टीप ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी. या दोन्ही लशी फक्त फाल्सिपारमसाठी. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचा सीएसपी वेगळाच आहे, त्यातही व्हीके२१० आणि व्हीके२४७ अशी दोन घराणी, आणि एनएएनपी तिथे नाही. व्हायवॅक्सच्या भागात राहून "लस आली ना आता" म्हणू नका.

भाचीला शेवटी पाठवलं: आरटीएस,एस तीन, आर२१ साडेतीन. विविधतेसाठी दोघींचा प्रत्येकी अर्धा कापला, पूर्वी मी पूर्ण तीन कापले असते. उरलेला दीड टिकाऊपणासाठी, आणि आर२१ ला अर्धा परत दिला तो मुबलक मिळते म्हणून.

तिचं लगेच उत्तर: "आर२१ ला चार का नाही?"

मी लिहिलं, चार वर्षांचा आकडा मला वाचू दे, मग बघू.